गुडघा बसला, पुढे?

प्रिय भाचीबाई,

सर्जन म्हणतात, गुडघा बसला. फिजिओ म्हणतात, दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झाली. आणि तू म्हणतेस, कबड्डीत चढाईला गेलं की बोनसपर्यंत ठीक, पण परत वळताना पाय थिजतो. घरच्यांनी निकाल देऊन टाकला : मनाचे खेळ आहेत, जातील. मला तो मान्य नाही. मनाचे असतील तर तेही मोजता येतात.

तू एकटी नाहीस. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर आर्डर्न आणि सहकाऱ्यांनी तुझ्यासारख्याच, गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. शंभरातले 81 कुठला ना कुठला खेळ खेळू लागले, पण पूर्वीच्या पातळीवर 65 आणि स्पर्धेत फक्त 55 पोचले. याला कारणं अनेक, पण पुन्हा मोडेल ही भीती त्यात ठळक.

आता माझी खरी तक्रार. हंगामाआधी तुमच्याकडून जन्मदाखला घेतला, आधारची झेरॉक्स घेतली, वजन केलं. तेव्हा मन कसं होतं, हे कुणी विचारलं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळाडूंची मनःस्थिती आधीच नोंदवली होती. ज्यांना पुढे दुखापत झाली, त्यांची पुन्हा नोंदवली. उदासी आणि राग वाढले होते, उत्साह घटला होता. आधीचा कागद हाताशी होता, म्हणून ‘ती पहिल्यापासूनच चिडकी’ म्हणायची सोय उरली नाही. तुझ्याबाबतीत मात्र दादा हेच म्हणतो, आणि त्याला दाखवायला माझ्याकडे काही नाही.

कागद फार मोठा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक यादी आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवस आवडीच्या गोष्टींनी भरलेला होता का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरजेला चारने गुणायचं. पन्नास किंवा त्याखाली आले तर कुणाशी तरी बोलायचं.

तुझा पाचवा प्रश्न गडगडेल, असं मला वाटतं. क्रिकेटपटू अजिंक्य रहाणे आपल्या याच डोंबिवलीतून किट सांभाळत लोकलने सरावाला जायचा, हे इथल्या प्रत्येक पोराला ऐकवलं जातं. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याने त्या गर्दीत चढायचं कसं, ते कुणी सांगत नाही. तू सरावासाठी ठाण्याला जाणं सोडलंस. मग सराव गेला, मैत्रिणी गेल्या, मैदानाबाहेरचा वडापावही गेला. हे सगळं एमआरआयमध्ये दिसत नाही.

मैदानावर परतण्यासाठी वेगळी यादी आहे, 2009 मधली, सहाच प्रश्नांची. न दुखता खेळू शकेन का, पूर्ण जोर लावेन का, लक्ष दुखापतीकडे जाणार नाही ना, असा प्रत्येक बाबतीतला विश्वास शून्य ते शंभरात लिहायचा. एकदाच नको, दर पंधरवड्याला भर. आकडा चढतोय की अडलाय, एवढंच बघायचं.

एक अट मात्र घालते : कागद प्रशिक्षकांच्या किंवा निवड समितीच्या हाती पडता कामा नये. संघातली जागा धोक्यात असेल तर कोण खरं लिहील? मीही शंभरच लिहीन. तो तुझ्याकडे आणि एका समुपदेशकाकडे राहू दे. ठाण्यात आयपीएचसारखी मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून आहे.

सचिन तेंडुलकरच्या कोपरावर मे 2005 मध्ये शस्त्रक्रिया झाली. कारकीर्द संपली की काय, अशी धास्ती होती, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्याने 93 धावा काढल्या. तो आकडा आपल्याला पाठ आहे, मधल्या महिन्यांचा कुणाकडेच नाही.

रविवारी दादाबरोबर गाडीनेच ये, लोकलचं नंतर बघू. दोन्ही याद्या छापून ठेवते. आणि तुमच्या मंडळातल्या धाकट्या मुलींसाठी पाच प्रश्नांच्या जास्त प्रती काढू ना? त्यांचे गुडघे अजून धड आहेत, म्हणजे त्यांचा आधीचा कागद अजून मिळू शकतो.

तुझी,
आत्या