दिवसा राम, रात्री कृष्ण

रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा आला आणि आईने लाडवांचा डबा पदराखाली घेतला. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. आजोबा बरोबर असले की डब्यात दिवे लागायच्या आत एक लाडू हमखास गायब व्हायचा. "बोगद्यात लाडवाक पाय फुटतत," असं ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे. मिशीत बेसन तसंच असायचं.

त्यांच्या तरुणपणी सावंतवाडी गाठायची म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट, वेंगुर्ल्याला पडावात उतरायचं आणि तिथून पुढे एसटी. त्या बोटीवर उलट्या करणाऱ्यांच्या नकला ते इतक्या रंगवून करत, की जेवायला बसलेली आजी उठून जायची. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा त्यांची एकच तक्रार होती : "गाडी लय लवकर पोचता. गजाली अर्धेच रवतत."

रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा उंच पूल आला, खाली नदी सुतळीएवढी. माझी लेक खिडकीला चिकटली. दुपार कलताना आम्ही सावंतवाडी रोडला उतरलो आणि रिक्षाने गावात आलो.

चितारआळीत लाकडी फळांची दुकानं अजून आहेत. इथलाच एक लाकडी आंबा आजोबांनी नव्या जावयाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, ताटात आमरसाशेजारी ठेवला होता. बाबांनी सुरी मागितली, आणि आजोबांनी मुकाट्याने करवत आणून दिली. दुकानात तसाच आंबा हातात घेऊन आई इतकी हसली की दुकानदारही हसायला लागला.

तिथून मोती तलावाच्या काठाने राजवाड्यात गेलो. मरू घातलेली गंजिफाकला शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी इथे पुन्हा उभी केली. कारागीर बारीक कुंचल्याने गोल पत्त्यावर परशुरामाचा परशू रेखत होते. दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते : दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पत्ता करत आणि वर लाख चढवत.

आजोबांकडे त्यांच्या वडिलांचा डाव होता. त्यातला मत्स्याचा एक पत्ता हरवला, तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याची चकती कापून तिच्यावर बांगडा काढला. तो कोणाकडे आहे हे पाठीवरूनच ओळखू यायचं, आणि ओळखणारे अर्थातच आजोबा. नातवंडं "लबाडी, लबाडी" म्हणून ओरडायची आणि पुढच्या डावाला पुन्हा त्यांच्याच शेजारी जागा धरायची. मोठ्या माणसाला उघड्यावर पकडण्याचं सुख दुसऱ्या कुठल्या घरात मिळणार? पकडलं जाण्याचीही त्यांनी कला केली होती.

"दिवसा खेळलं तर रामाची उतारी, रात्री कृष्णाची," कारागीर लेकीला समजावत होते.

"मग तिन्हीसांजेला?" तिने विचारलं.

ते क्षणभर थांबले. उत्तर आईने दिलं, थेट आजोबांच्या आवाजात : "तिन्हीसांजेक खेळ थांबवचो, देवाक दिवो लावचो, आणि तितक्यात दुसऱ्याचे पत्ते बघून घेवचे!"