तपासतेय, की तपासून झालं?

शाळेत काळांचा बारा घरांचा तक्ता पाठ होतो आणि त्याच्यासोबत एक नियमही. वाक्यात ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ दिसलं की ‘हॅव बीन’ लावायचं आणि क्रियापदाला ‘आयएनजी’ जोडायचा. बंगळुरातल्या कोरमंगलात माझ्याकडे इंग्रजी पक्कं करायला येणारी लातूर, सोलापूर, अकोल्याकडची मुलं हा नियम बरोबर घेऊनच येतात. परीक्षेत त्याने मार्क मिळतात, कामावर मात्र तो दगा देतो.

सॉफ्टवेअरची चाचणी करणाऱ्या एका मुलीने घरी निघताना अमेरिकेतल्या मॅनेजरला लिहिलं, ‘आय हॅव बीन टेस्टिंग द पेमेंट पेज सिन्स नाइन ओक्लॉक.’ खरं तर पेज तपासून झालं होतं, चुकाही नोंदवून झाल्या होत्या. तिकडून विचारणा आली, कधी संपेल? तिला ते लागलं. दिवसभर राबून वर हा प्रश्न! पण तिच्या वाक्यात राबणं तेवढं होतं, झालेलं काम नव्हतं. व्याकरणाची चूक एकही नाही, तरी निरोप चुकीचा गेला. ‘आय हॅव टेस्टेड द पेमेंट पेज’ एवढं पुरलं असतं.

तेव्हापासून मी इंग्रजी वाक्याआधी मराठीत विचारते, ‘तपासतेयस, की तपासून झालं?’ मराठीत ही मुलं इथे कधीच अडखळत नाहीत. मग आकडा आला की गोष्ट आणखी सोपी होते. तीन ईमेल लिहून झाल्या, तर ‘हॅव रिटन थ्री ईमेल्स’. सकाळपासून ईमेलच लिहीत बसलेय, तर ‘हॅव बीन रायटिंग’. किती झालं ते सांगायचं असेल तर साधा पूर्ण काळ, वेळ कशात गेला ते सांगायचं असेल तर चालू पूर्ण.

अडचण येते ती राहण्याच्या बाबतीत. ‘मी सहा महिन्यांपासून इथे राहतोय’ हे मराठीत चालू वर्तमानात सहज बसतं, म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स’ तोंडात येतं. पीजीत राहणारा मुलगा ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’ म्हणतो, तेव्हा उद्या तो एचएसआर लेआउटला हलला तरी नवल वाटत नाही. ऐंशीच्या दशकात इथे घर बांधलेल्या आजी ‘वी हॅव लिव्ह्ड हिअर’ म्हणतात, त्यात मुक्काम कायमचा आहे. अदलाबदल केली तरी वाक्यं बरोबरच राहतात. म्हणूनच इथे नियम शिकवून भागत नाही, कान तयार करावा लागतो.

पावसाचं उदाहरण मला फार आवडतं. कोरमंगलाचा एसटी बेडचा भाग सखल आहे, मोठा पाऊस झाला की तिथे पाणी साचतं. ऑफिसातून बाहेर पडावं, आभाळ कोरडं आणि रस्ता भरलेला, तर इंग्रजी माणूस म्हणेल, ‘इट हॅज बीन रेनिंग.’ पाऊस थांबलाय, पण खुणा समोर आहेत. ‘चालू’ या नावावरून मुलांना हे सुचतच नाही.

आपल्या पिढ्या ज्या ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणावर वाढल्या, त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. पुढे १९२४ साली त्यांची ‘बो जेस्ट’ ही कादंबरी गाजली. गोष्ट सांगणारा माणूस व्याकरण लिहीत होता, याचं मला अप्रूप वाटतं. काळ निवडणं हे गोष्ट सांगणाऱ्याचंच काम आहे.

‘सिन्स-फॉर’चा तो नियम मी दोन वाक्यांनी मोडते. ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.’ ओळख ही स्थिती आहे, ती कोणी करत बसत नाही, म्हणून ‘बीन नोइंग’ नाही. आणि दुसरं, ‘आय हॅवन्ट टेकन अ डे ऑफ सिन्स दिवाली.’ सुट्टी घेतलीच नाही, तर चालू काय असणार? हे दुसरं वाक्य मुलं लगेच वहीत उतरवून घेतात.