खाटेपाशी थांबणारी मदत

महाराष्ट्रात कमी उत्पन्नाच्या माणसाला औषधासाठी मिळणारी बहुतेक मदत रुग्णालयातल्या खाटेला बांधलेली आहे. रुग्ण दाखल असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा किमोथेरपी चालू असेल, तर पैसा उभा करण्याचे रस्ते बरेच असतात. तोच रुग्ण घरी परतला आणि दरमहा काही हजारांची गोळी वर्षानुवर्षे घ्यायची झाली, की बरेचसे रस्ते बंद होतात. योजना आखल्या गेल्या तेव्हा मोठा खर्च म्हणजे मोठे ऑपरेशन, हा हिशेब डोळ्यांपुढे होता. आता कर्करोगाच्या कितीतरी औषधांच्या गोळ्या झाल्या आहेत. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून जन्मभर औषध लागते. संधिवातावरची नवी इंजेक्शने तर घरच्या फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. खर्च असा घरी आला, मदत मात्र वॉर्डातच राहिली.

नवी मुंबईत हा प्रश्न ठळक दिसतो, कारण येथे दोन तऱ्हेचे रुग्ण एकत्र येतात. एक इथलेच, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाना कामगार, वाशीच्या बाजार समितीतले माथाडी, घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षाचालक. दुसरे बाहेरून आलेले. टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था खारघरला असल्याने विदर्भ-मराठवाड्यातली, तशीच बिहार-बंगालमधली कुटुंबेही आसपास खोल्या घेऊन महिनोन्‌महिने राहतात. त्यांचा औषधाचा खर्च खोलीभाडे, रिक्षा आणि बुडालेली मजुरी यांच्यावर चढतो.

पैशाची मदत शोधण्याआधी औषधाची किंमत तपासायला हवी. हे उलटे वाटेल, पण अनेकदा मदतीची गरज तिथेच निम्म्यावर येते. भारतात औषधाची छापील किंमत आणि त्याची खरी खरेदी किंमत यांत मोठे अंतर असते. राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगावरच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला, तेव्हा काही ब्रँडच्या किमती ९० टक्क्यांपर्यंत खाली आल्या. औषध तेच होते, कमी झाला तो मधला नफा.

पेटंटमुळे पडणारा फरक याहून मोठा. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या गोळीचा महिन्याचा खर्च एके काळी सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला. भारतातला तो असा पहिला परवाना. त्यानंतर हीच गोळी महिन्याला नऊ हजारांच्या आत आली. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिबच्या नव्या रूपाला पेटंट नाकारले. त्या खटल्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णसंस्था कंपनीविरुद्ध उभी होती. महिन्याला लाखाच्या वर जाणाऱ्या त्या गोळीला आठ-दहा हजारांचा देशी पर्याय होता आणि या निकालाने तो बाजारात टिकला.

मात्र स्वस्त पर्याय असणे आणि तो रुग्णाच्या हाती पडणे यांत एक नियम आडवा येतो. डॉक्टरने चिठ्ठीवर एका ब्रँडचे नाव लिहिले असेल, तर औषधविक्रेत्याला कायद्याने त्याजागी दुसरे औषध देता येत नाही, मग त्यातला घटक तोच का असेना. म्हणून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घेणे ही रुग्णाच्या हातातली पहिली गोष्ट. त्या चिठ्ठीवर जनऔषधी केंद्रातून औषध मागता येते. २००८ साली सुरू झालेल्या या केंद्रांतले दर बाजारातल्या नामवंत ब्रँडच्या तुलनेत साधारणपणे निम्मे किंवा त्याहूनही कमी असतात. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, फिट्स यांच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी ही केंद्रे फार उपयोगी आहेत. अगदी नव्या, पेटंटखालच्या औषधांसाठी त्यांच्याकडे जाऊन उपयोग नाही. डॉक्टरांपुढे ‘हे परवडणार नाही’ असे म्हणायला लोक संकोचतात आणि मग गुपचूप दिवसाआड गोळी घेतात. या संकोचाने जेवढे नुकसान होते तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. परवडत नाही हे कळले, तर पुष्कळदा डॉक्टरांकडे दुसरे औषध असते.

दुसरे औषध म्हणजे हलके औषध नव्हे, हे टाटा रुग्णालयातल्या संशोधनाने दाखवले आहे. डोके-मानेच्या कर्करोगावर निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचे इंजेक्शन नेहमी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. तो खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. टाटातल्या डॉक्टरांनी तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ गोळ्यांच्या गटात सुमारे १६ टक्के होते, तर इंजेक्शन जोडलेल्या गटात सुमारे ४३ टक्के. दहाव्या भागाहूनही कमी औषधात हा फरक पडला. टाटा केंद्राच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातल्या रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्रित खरेदी केली, तेव्हा खर्च सुमारे ८२ टक्क्यांनी उतरला. त्यामुळे एखादे औषध बाहेरच्या दुकानातून घेण्याआधी अशा रुग्णालयाच्या औषधालयातला दर विचारून घेणे केव्हाही हिताचे.

किंमत उतरवूनही जे उरते त्यासाठी योजना आहेत. त्यांत सर्वांत मोठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता, ठाणे नव्हता. म्हणजे खारघर-पनवेलचा रुग्ण योजनेत आणि वाशी-बेलापूरचा बाहेर, अशी स्थिती २०१३ च्या अखेरीस योजना राज्यभर लागू होईपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्राच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट न लावता उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांना मार्गदर्शन करणाऱ्या आरोग्यमित्राचा कक्ष असतो. १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. योजना रोख पैसे देत नाही, ठरलेल्या उपचारांचे पैसे थेट रुग्णालयाला देते. म्हणून आधी बिल भरून नंतर आरोग्यमित्राकडे गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. किमोथेरपीची आवर्तने यात बसतात. बाकीच्या बहुतेक आजारांत घरी सोडल्यावरच्या औषधांची सोय मात्र जेमतेम दहा दिवसांची. अकराव्या दिवशीची गोळी रुग्णाने आपल्या पैशाने आणायची.

धर्मादाय रुग्णालयांवरचे बंधन वेगळ्या कायद्यातून येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये जी योजना मंजूर केली, तिच्यानुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. बाकीच्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते आणि त्यातून हा खर्च भागतो. औषधांबाबत या योजनेत एक मोलाची तरतूद आहे: बिलात औषधे छापील किमतीने नव्हे, तर रुग्णालयाने ज्या दराने खरेदी केली त्या दराने लावायची. दुर्बल घटकातल्या रुग्णाने औषधांच्या या बिलातला निदान निम्मा वाटा उचलायचा असतो. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. हे सारे घडवून आणणारी व्यक्ती म्हणजे रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवक. बिल तयार झाल्यावर त्याच्याकडे धावण्यापेक्षा दाखल होतानाच त्याला गाठावे, कारण बिलावर नाव एकदा सामान्य रुग्ण म्हणून चढले की ते बदलून घेणे फार जिकिरीचे होते.

यानंतर येतात निधी. मुख्यमंत्री सहायता निधीचा वैद्यकीय कक्ष वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांपर्यंत असलेल्यांना ठरावीक गंभीर आजारांसाठी मदत देतो. अर्ज उपचार चालू असतानाच करावा लागतो आणि रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते. पंतप्रधानांचा राष्ट्रीय मदत निधी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कर्करुग्णांसाठी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांचा निधी आहे आणि टाटा स्मारक रुग्णालय त्यातल्या मान्य केंद्रांपैकी एक आहे. शिवाय सिद्धिविनायक मंदिर न्यास, टाटा विश्वस्त संस्था, इंडियन कॅन्सर सोसायटी यांच्यासारख्या संस्था आहेत. एका ठिकाणाहून सगळी रक्कम क्वचितच मिळते. म्हणून अनेक ठिकाणी अर्ज करावे लागतात आणि त्यासाठी खर्चाचे अंदाजपत्रक खरे आणि तपशीलवार हवे. कोणाकडून किती मिळाले, याची नोंद ठेवून प्रत्येकाला ती दाखवली, तर पुढचा न्यास उरलेल्या रकमेचा विचार करतो.

या साऱ्यांना लागणारा एक कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. नवी मुंबईत इथेच पाय अडखळतो. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात, तर खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात. रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या दोन कुटुंबांचे दाखले दोन जिल्ह्यांतून निघतात. बाहेरगावहून आलेल्या रुग्णाचा दाखला आणि शिधापत्रिका तर गावाकडेच असते, आणि ती आणण्यासाठी सोबतच्या एकमेव माणसाला परत पाठवावे लागते. गावाहून निघतानाच शिधापत्रिका, आधार आणि चालू वर्षाचा दाखला पिशवीत असला, तर एक फेरी, आठवडाभराची मजुरी आणि कधी कधी किमोथेरपीची एक तारीख वाचते.

खाटेची अट नसलेली, तरीही सर्वांत कमी आठवली जाणारी सोय म्हणजे राज्य कामगार विमा. दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेला कामगार तिच्यात येतो. त्याच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते. त्या बदल्यात त्याला आणि कुटुंबाला दवाखान्यातून बाह्यरुग्ण म्हणूनही औषधे मिळतात. नवी मुंबईत वाशीला या योजनेचे रुग्णालय आहे. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, गोदामातले मदतनीस यांच्या पगारातून ही वर्गणी कापली जाते, पण पावतीवरचा तो आकडा कशाचा हे कित्येकांना कोणी सांगितलेलेच नसते. घरात कोणाला दीर्घ आजार निघाला की सर्वांत आधी पगाराची पावती बघावी. किमान पाच वर्षे विमा असलेला कामगार निवृत्त झाल्यावरही वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी ही वैद्यकीय सोय चालू ठेवू शकतो. कर्करोगासारख्या ३४ दीर्घ आजारांत पात्र कामगाराला दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के भत्ताही मिळतो. बुडालेली मजुरी भरून देणारी अशी सोय या साऱ्या यादीत दुसरी नाही.

काही आजारांत घरी घ्यायचे औषध सरकारच देते. क्षयरोगाची औषधे, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील महागड्या बेडाक्विलिनसह, राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत आहेत. एचआयव्हीची औषधे एप्रिल २००४ पासून आणि हिपॅटायटिस सीची २०१८ पासून मोफत मिळतात. हे तिन्ही आजार संसर्गजन्य आहेत. एकाचा उपचार म्हणजे दहा जणांचा बचाव, हे सरकारला पटवणे सोपे गेले. संधिवाताच्या किंवा प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या बाजूने असा युक्तिवाद करता येत नाही, आणि त्याच्या औषधाची तजवीज अजून कोणत्याही योजनेने पुरती केलेली नाही. त्याच्यासाठी औषध कंपन्यांचे रुग्णसहाय्य कार्यक्रम उरतात: ठरावीक मात्रा विकत घेतल्यावर पुढच्या मोफत, असे त्यांचे साधारण रूप असते. त्यात नाव डॉक्टरांमार्फत घातले जाते आणि कार्यक्रम कंपनीच्या मर्जीवर चालतो. पहिली कुपी विकत घेण्यापूर्वीच असा कार्यक्रम आहे का, हे विचारायला हवे. काही कार्यक्रमांत आधीची खरेदी धरली जात नाही.

दुर्मीळ आजारांच्या बाबतीत खाटेचा हिशेब पुरता कोलमडतो. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या मान्य केंद्रांतून एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ही मर्यादा एकूण आहे, वर्षाची नव्हे. स्नायू क्षीण करणाऱ्या एसएमए या आजारावरील रिस्डिप्लामची एक बाटली सहा लाखांच्या वर होती, आणि हे औषध रोज, जन्मभर घ्यायचे असते. मुलाचे वजन वाढले की बाटल्याही वाढतात. मंजूर निधी अशा औषधाला फार दिवस पुरत नसे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नॅटकोला रोखू पाहणाऱ्या मूळ कंपनीचे अपील फेटाळले, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही आणि नॅटकोने त्याच औषधाची बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आणली.