दहावींतला फुटबॉल

एकत्र कुटुंबांतील एखादा मुलगा दहावीच्या वर्गांत गेला कीं, तो एकटाच दहावींत जात नाहीं; सारें घरच त्याच्याबरोबर दहावींत बसतें. दूरदर्शन संचाचा आवाज बंद होतो, पाहुण्यांना 'परीक्षा झाल्यावर या' असें नम्रपणें कळविण्यांत येतें, आणि घरांतील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसास आपण त्या मुलाचे परीक्षक आहोंत असें वाटूं लागतें. आमच्या खामगांवच्या घरीं गेल्या जून महिन्यापासून हाच प्रकार चालू आहे. आमचा पुतण्या दहावींत आहे. अभ्यासांत तो मध्यम, स्वभावानें अबोल. पण फुटबॉलवर त्याचें प्रेम निस्सीम.

आमच्याकडील जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यांत मैदानावर चार पावलें टाकलीं कीं बुटांना किलोभर चिखल चिकटतो. पहाटे साडेपांचला उठून गेलेला हा मुलगा साडेसातला तसाच माखलेला मागील दारानें येई, न्हाणीपाशीं बसून आपले मोजे आपणच धुई आणि मग पुस्तक घेऊन बसे. त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू, नोकरीनिमित्त परगांवीं असतात. त्यामुळें त्याच्या अभ्यासाची जबाबदारी आमच्यावर. आमचा सारा जन्म बँकेच्या खातेवह्यांत गेलेला. तो चिखल पाहून आमच्या मनांत कौतुक येत नसे, हिशेब येई: रोजचे दोन तास, आठवड्याचे बारा, महिन्याचे पन्नास. एवढ्या वेळांत बीजगणिताचीं किती प्रकरणें झालीं असतीं!

जुलैच्या अखेरीस चाचणी झाली. बीजगणितांत वीसांपैकीं सात गुण. त्या रात्रीं आम्हीं निर्णय दिला कीं, बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत फुटबॉल बंद. आमची अपेक्षा होती कीं मुलगा वाद घालील, रडेल, निदान आईकडे तक्रार तरी करील. त्यानें यांतलें कांहींच केलें नाहीं. "बरं, काका," एवढेंच तो म्हणाला. बूट धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रांत गुंडाळून त्यानें माळ्यावर ठेवले. हें आज्ञाधारकपण आम्हांस आमचा विजय वाटलें.

पुढील तीन आठवडे मुलगा पहाटेपासून मेजापाशीं दिसूं लागला. आम्ही संतुष्ट होतों. एके संध्याकाळीं मातोश्रींनीं आम्हांस देवघरापाशीं बोलावलें.

"अरे, तो बसतो खरा, पण पान उलटत नाहीं," त्या म्हणाल्या. "मी समोरच माळ घेऊन बसतें, मला दिसतं. तूं त्याचा खेळ काढून घेतलास. त्या जागीं त्याला दिलंस काय?"

आम्हीं परीक्षेचें महत्त्व सांगण्यास आरंभ केला. तेव्हां त्यांनीं शांतपणें विचारलें, "तुझ्या दहावीच्या वर्षीं बाबांनीं तुझं खो-खो बंद केलं होतं. त्यानं तुझे किती मार्क वाढले, सांग बरं?"

आम्हांस आकडा आठवला, आणि आम्ही गप्प बसलों. मार्क वाढले नव्हते. खो-खो मात्र गेला तो गेलाच. पुढें कॉलेजांतही आम्ही मैदानाकडे फिरकलों नाहीं. आज पन्नाशींत जिना चढतांना दम लागतो, तेव्हां डॉक्टर 'फिरायला जात जा' म्हणतात. ज्या पायांना वडिलांच्या आज्ञेनें बसविलें, त्यांना आतां डॉक्टरांच्या आज्ञेनें चालवावें लागतें.

तरीही पराभव मान्य करणें जड जाई. आपली बाजू बळकट करावी म्हणून, खेळापायीं शिक्षण बुडालेल्यांचीं उदाहरणें आम्ही शोधूं लागलों; तों हातीं लागलें तें अगदीं उलट. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचे कर्णधार होते तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतील एका पाद्र्याचे हे चिरंजीव. मुलानें डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही वडिलांची इच्छा. वडील लौकर वारले. मुलगा कलकत्त्यास वैद्यकीय महाविद्यालयांत शिकूं लागला आणि त्याच काळांत मोहन बागानकडून खेळूंही लागला. ३१ जुलै १९४८ रोजीं भारताचा सामना फ्रान्सशीं झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. दोन पेनल्ट्या हुकल्या आणि सामना १-२ असा हातचा गेला. हे कर्णधार परत आले, १९५० सालीं एम. बी. बी. एस. झाले, आणि आपल्या डोंगरांत जाऊन त्यांनीं रोग्यांची सेवा केली. पुढें ते नागालँडचे आरोग्यसंचालक झाले. ज्या मनुष्यास देशाचा संघ आणि वैद्यकीचा अभ्यास एका वेळीं सांभाळतां आला, त्याच्यापुढें आमचें बीजगणिताचें प्रकरण तें काय?

दुसरें उदाहरण तर उशापाशींच होतें. आमच्याच जिल्ह्याचा, बुलढाण्याचा, प्रथमेश जावकर हा तरुण तिरंदाज. मे २०२३ मध्यें शांघायच्या विश्वचषक स्पर्धेंत त्यानें जगांतील अग्रगण्य धनुर्धर माइक श्लोसर यास १४९-१४८ असें हरविलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हांगझोच्या आशियाई स्पर्धेंत भारतीय संघानें दक्षिण कोरियावर २३५-२३० अशी मात करून सुवर्णपदक मिळविलें; त्या तिघांत तो होता. एका गुणाचा तो फरक वाचून आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्या एकाग्रतेसाठीं आम्ही मुलाला मैदानावरून उठवून आणलें, तिची शाळा मैदानावरही भरते.

आमचे एक आप्त म्हणाले, "खेळूं द्या हो. जिल्ह्याच्या पुढें गेला तर बोर्डाचे क्रीडागुण मिळतील. सरकारी नोकरींत खेळाडूंना पांच टक्के जागा राखीव आहेत." हें सारें खरें आहे, पण खेळूं देण्याचें कारण म्हणून तें आम्हांस पटलें नाहीं. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा आपल्या देशांत झाली, तेव्हां भारतीय संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. महाराष्ट्रास त्याचा अभिमान वाटला तो रास्तच. परंतु त्या संघांत जागा होत्या अवघ्या एकवीस. आमचा पुतण्या त्या एकवीसांतला नव्हे, हें तो जाणतो, आम्हीही जाणतों. प्रश्न बाकीच्या हजारों मुलांचा आहे. ज्यांना खेळांतून पदक मिळणार नाहीं आणि नोकरीही मिळणार नाहीं, त्यांनीं खेळावें कीं नाहीं?

बूट माळ्यावरून खालीं आले. अटी दोन्ही पक्षांनीं मिळून ठरविल्या: सकाळचा दीड तास मैदानाचा; रात्रीं नऊनंतर मोबाइल आजीच्या उशाखालीं; आणि बीजगणिताचा एक तास आमच्याबरोबर, त्यांत आम्हीही चुकवाचुकवी करावयाची नाहीं. खरें सांगावयाचें तर तिसरी अट आमच्याच अंगावर आली. 'अभ्यास कर' असें म्हणणें सोपें. शेजारीं बसून उदाहरण सोडविणें अवघड. पण त्या तासांत आम्हांस प्रथमच कळलें कीं, मुलाचें घोडें समीकरणांत अडत नव्हतें, तें मागील इयत्तेंतल्या अपूर्णांकांत अडलें होतें. हें त्याच्या फुटबॉलमुळें झालें नव्हतें, आमच्या दुर्लक्षामुळें झालें होतें.

सप्टेंबरांत जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा बुलढाण्यास झाल्या. आम्ही रजा काढून संघाबरोबर गेलों. बोथ्याचा घाट चढून ज्ञानगंगेच्या अरण्यांतून गाडी वर आली, तेव्हां बुलढाण्यावर धुकें उतरलें होतें. मुलगा मधल्या फळींत खेळतो. घरीं चार शब्द न बोलणारा हा मुलगा तेथें सोबत्यांना हांका मारीत, चुकलेल्याच्या पाठीवर थाप देत सारें मैदान पालथें घालीत होता. आम्ही त्यास जणूं प्रथमच पाहत होतों. सामना बरोबरींत सुटला आणि निकाल पेनल्ट्यांवर आला. शेवटची पेनल्टी त्याची. त्यानें मारलेला चेंडू खांबावर आदळून परत आला. आमचा संघ हरला.

परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेर पाहत होता. सांत्वनाचीं अनेक वाक्यें आम्हीं मनांत जुळविलीं, एकही बोलवेना. घरीं आजीनें पिठलें-भाकरी वाढली. तो मुकाट्यानें जेवला, हात धुतले आणि आमच्यापाशीं येऊन म्हणाला, "काका, उद्यां ग्राउंडला सुट्टी आहे. आपण सकाळीं सहालाच बसूं या का? वर्गसमीकरण राहिलं आहे."

त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप लागली नाहीं. वीसांत सात गुण पडले तेव्हां आम्हीं घरांत सभा भरविली होती, मुलाचें आवडतें सुख काढून घेतलें होतें. त्याच्यावर त्याहून मोठें अपयश साऱ्या मैदानादेखत आलें, आणि त्यानें दुसऱ्या दिवशीं सहा वाजतां उठण्याचें ठरविलें. हरल्यावर पुन्हां कामास लागावें, हें आम्हीं त्यास कधीं शिकविलें नव्हतें. आम्हांस तें स्वतःलाच येत नव्हतें.

सहामाहींत त्याला बीजगणितांत चाळीसांपैकीं सव्वीस गुण पडले. हा आकडा फार मोठा नव्हे, आणि बोर्डाचा निकाल काय लागेल तें आज आम्ही सांगूं शकत नाहीं. पण कित्येक घरांत या दिवसांत एखादी बॅट, एखादी तबल्याची जोडी किंवा चित्रांची वही माळ्यावर चढत असेल. ती चढविण्यापूर्वीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं आठवडाभर मुलाच्या शेजारीं बसून त्याचें घोडें कोठें अडतें तें पाहावें, एवढेंच अनुभवानें सांगावेंसें वाटतें. आमच्या मागील दारीं रोज सकाळीं दोन मोजे वाळत असतात. ते पाहून आतां आम्ही तासांचा हिशेब करीत नाहीं. आंत जाऊन बीजगणिताचें पुस्तक उघडून ठेवतों.