बॅगा कोणी सांभाळल्या?

एस्सेलवर्ल्ड बंद झालं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या आठवणी काढल्या. मीही काढली. फक्त ती माझी नव्हती!

कबूल करून टाकते. २०२२ मध्ये गोराईचं एस्सेलवर्ल्ड बंद झालं, तेव्हा मी एका वेबसाइटसाठी एक मस्त नॉस्टॅल्जिक लेख लिहिला होता. त्यात अर्थातच रोलर कोस्टर होती. गाडी वर चढताना पोटात आलेला गोळा, टोकावर अडकलेला श्वास, उतारावर सोडून दिलेले दोन्ही हात... एकदम झक्कास! लेख सॉलिड चालला. लोकांनी शेअर केला, खाली आपापले किस्से लिहिले. कोणाची तिथे चप्पल हरवली होती, कोणाचं लग्न तिथे ठरलं होतं.

प्रॉब्लेम एवढाच, की मी त्या रोलर कोस्टरवर कधी बसलेच नव्हते.

तर झालं असं. मी डहाणूजवळच्या आगरची. लहानपणी आमची करमणूक म्हणजे समुद्र, चिकूच्या वाड्या आणि चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा. पण घरात टीव्ही होता, आणि टीव्हीवर एस्सेलवर्ल्डची जाहिरात होती. इथून मी घरी जाणारच नाही, असा हट्ट करणारं ते गाणं आठवतंय ना? आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला ते पाठ होतं. सुभाष चंद्रांनी हे पार्क सुरू केलं १९८९ मध्ये, झी टीव्हीच्या तीन वर्षं आधी. म्हणजे आम्ही जन्मायच्याही आधीपासून मुंबईची पोरं तिथे किंचाळत होती. आम्हाला आपलं गाणं पाठ!

आठवीत सहल ठरली. २०१० साल. लाल एसटी, पहाटे पाचची वेळ, डब्यात पुरी-भाजी आणि प्रत्येकाच्या खिशात घरून मोजून दिलेले पैसे. मुंबईकर बोरिवलीहून गोराईची खाडी लाँचने ओलांडून यायचे. आम्ही चारोटीवरून महामार्गाला लागलो आणि भाईंदर, उत्तन करत रस्त्यानेच पोचलो. लांबून आधी सोनेरी पॅगोडा दिसला. विपश्यनेचा तो भव्य पॅगोडा आदल्याच वर्षी खुला झाला होता आणि तो पार्कला अगदी चिकटून आहे. एका बाजूला माणसं डोळे मिटून गप्प बसलेली आणि दुसऱ्या बाजूला डोळे फाडून बोंबलणारी. अशी शेजारपाजारची जागा जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

झिपर डिपरच्या रांगेत आम्ही उभ्या राहिलो. रांग पुढे सरकत होती आणि मला तो आवाज ऐकू यायला लागला. टक्-टक्-टक्-टक्. गाडीला साखळी वर ओढत असते तेव्हाचा. खूप वर्षांनी, म्हणजे तो लेख लिहिताना, मला त्याचं कारण कळलं. गाडी मागे घसरू नये म्हणून खाली एक खटका असतो. तो दात्यांवरून पुढे सरकतो आणि प्रत्येक दात्यावर वाजतो. थोडक्यात, तो आवाज सुरक्षिततेचा! आणि गंमत म्हणजे अशा गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. साखळीने एकदा टोकावर नेऊन सोडलं, की पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणाच्या हवाली. चाकंसुद्धा तीन बाजूंनी रुळाला धरून असतात. वरून, बाजूने आणि खालून. गाडी सुटून जाईल ही भीती उगाच.

पण तेरा वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार? मला त्या टक्-टक्मध्ये फक्त 'अजून वर, अजून वर' एवढंच ऐकू येत होतं. अगदी दरवाजापाशी पोचल्यावर मी म्हटलं, "माझ्या पोटात दुखतंय. तुम्ही जा, बॅगा मी धरते."

कोणीही आग्रह केला नाही. उलट सगळ्यांना हायसं वाटलं. बॅगा ठेवायचं टेन्शन होतंच! मिनिटभरात माझ्या अंगाखांद्यावर नऊ बॅगा, दोन चष्मे, एक टोपी आणि बाईंची पर्स. मी कठड्याला टेकून उभी राहिले. मैत्रिणी एकदा बसल्या, मग पुन्हा रांगेत गेल्या, मग आणखी एकदा. मी तिथेच.

परत आले तेव्हा रात्र झाली होती. एसटी स्टँडवर आई आणि धाकटा भाऊ घ्यायला आले होते. भावाने पहिलाच प्रश्न टाकला, "ताई, त्याच्यात बसलीस?"

"बसले की! तीनदा."

त्याचा चेहरा असा काही उजळला, की आता खरं सांगायची सोयच उरली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ते शाळेत सांगितलं. मग शेजारी. मग मामाकडे. दरवेळी कोणीतरी नवा प्रश्न विचारायचं आणि मी नवं उत्तर तयार करायचे. बारावीपर्यंत मी त्या रोलर कोस्टरवर हात सोडून, डोळे उघडे ठेवून, सगळ्यात पुढच्या डब्यात बसलेली होते. कॉलेजसाठी मुंबईत आले, तेव्हा खरं तर एखाद्या रविवारी जाऊन खोट्याचं खरं करून टाकता आलं असतं. बोरिवलीहून लाँच, बस्स! पण आधी परीक्षा, मग इंटर्नशिप, मग 'जाऊ गं कधीतरी'. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं होतं. ग्रुपमध्ये सगळ्यांना तिथल्या मोठ्या 'नायट्रो'वर बसायचं होतं. एस्सेलवर्ल्ड आता कोणाला हवं होतं?

आणि मग ते बंद झालं. शेजारचं वॉटर किंग्डम चालू राहिलं, पण आमच्या गाण्यातली ती जागा गेली. माझं खोटं कायमचं खोटंच राहिलं.

लेख आल्यावर चौथ्या दिवशी शाळेतल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. दोनच वाक्यं. "मस्त लिहिलंयस. पण तू वर होतीस, तर माझी बॅग कोणाकडे होती?"

मी हसणारा चेहरा पाठवून विषय संपवला. पण तो काही संपला नाही. मास कॉमच्या पहिल्याच वर्षी शिकवतात, जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहायचं नाही. मी ते लिहिलं होतं आणि त्याचं मानधनही घेतलं होतं.

सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. मी त्या दिवशी काहीच पाहिलं नव्हतं असं थोडंच आहे? वर्गात सगळ्यात जास्त फुशारक्या मारणारा मुलगा उतारावर एकदम गप्प झाला होता. ज्यांचा आवाज वर्गात कधी चढला नव्हता, त्या आमच्या बाई "आई गंऽऽ" करून जोरात ओरडल्या होत्या. उतरल्यावर सगळ्यांचे पाय क्षणभर लटपटायचे आणि मग प्रत्येक जण आधी हसायचा. माझ्या बाजूला कठड्याला टेकून आणखीही माणसं होती. बाळ कडेवर घेतलेली एक आई, गुडघे दुखणारे एक आजोबा, दोन्ही हातांत चपला धरलेले एक बाबा. आम्ही एकमेकांशी बोललो नाही, पण गाडी आली की सगळे एकदम मान वर करून आपापलं माणूस शोधायचो. ही माझी खरी आठवण होती, आणि ती लिहिण्यालायक आहे असं मला वाटलंच नाही. बसलेल्यांच्याच आठवणी खऱ्या, असंच मी धरून चालले होते.

यंदाच्या चैत्रात घरी गेले. आई म्हणाली, चल, जत्रेला जाऊ. विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. दर्शन झालं, आईने पावसाळ्यासाठी सुके बोंबील घेतले, आणि आम्ही आकाशपाळण्यापाशी आलो. लहानपणी दरवर्षी मी आणि भाऊ पाळण्यात बसायचो आणि आई खाली पिशव्या धरून उभी असायची. मी तिला कधी विचारलंच नव्हतं, तुला बसायचंय का?

या वेळी विचारलं.

"आणि हे बोंबील कोण धरणार?" आई म्हणाली.

"मांडीवर घेऊ."

पाळणा वर निघाला. आईने एका हाताने दांडा पकडला होता आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट. वर गेल्यावर शेजारचा सुळक्याचा डोंगर दिसला, खाली दुकानांचे दिवे. मी म्हटलं, "आई, एक सांगू? एस्सेलवर्ल्डला मी त्या रोलर कोस्टरवर बसलेच नव्हते."

"माहितीये मला."

"कसं?"

"सकाळी तुला दोन घट्ट वेण्या घालून दिल्या होत्या. रात्री स्टँडवर उतरलीस ती तशीच. बाकीच्या पोरींची डोकी बघितलीस का तेव्हा? चिमण्यांची घरटी नुसती!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा भाऊ किती खूश होता," आई म्हणाली. मग पाळणा खाली यायला लागला तशी तिने पिशवी घट्ट धरली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

खाली उतरून मी त्या मैत्रिणीला मेसेज केला. तीन वर्षं उशिराने.

'तुझी बॅग माझ्याकडे होती.'