काळा पडदा आणि अक्काचे डोळे

लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा होतो तेव्हा बहुतेक वेळा काही बिघडलेले नसते. ठरावीक वेळ कुणी बटण दाबले नाही, माउस हलवला नाही, की यंत्र समजते, समोरचा माणूस उठून गेला. चित्रपट बघणाऱ्याला हे सहसा जाणवत नाही, कारण ते प्रोग्रॅम ‘आत्ता झोपू नकोस’ असे यंत्राला सांगून ठेवतात. पंचाईत होते ती वाचणाऱ्याची. वाचणारा हलत नाही ना! मान खाली घालून वाचणाऱ्या मुलाला झोपलाय समजून खडू मारणारे मास्तर मी पाहिलेत, त्यातलाच हा प्रकार.

माझी थोरली बहीण, अक्का, ८२ वर्षांची आहे आणि आमच्याकडे मलकापुरातच असते. तिला मॅक्युलर डीजनरेशन आहे. म्हणजे नजरेच्या कडा शाबूत, मधला भाग पुसट. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असे ती सांगते. तिच्यासाठी लॅपटॉपवर काळ्यावर पांढरी, अंगठ्याएवढी अक्षरे करून दिली आहेत. एका वेळी चार-पाच ओळी मावतात. तेवढ्याच ओव्या ती पुटपुटत, पुन्हापुन्हा, पंधरा-वीस मिनिटे वाचते. आता पडदा विझला की तिला काय वाटणार? पांढरी अक्षरे गेली आणि काळे तेवढे उरले. ‘बाळ, गेलं रे उरलंसुरलं’, असे ती म्हणायची. ओरडायची नाही, साधे सांगायची. आणि तेच जास्त लागायचे. दिवसातून तीन-तीनदा माणसाने आंधळे व्हायचे आणि मी जाऊन बटण दाबले की पुन्हा डोळस व्हायचे, हे काही खरे नव्हे.

लॅपटॉप जुना. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पुढची विंडोज या यंत्राला झेपत नाही, म्हणून पुण्याच्या नातवाने त्यावर डेबियन लिनक्स आणि एलएक्सडीई नावाचा हलका डेस्कटॉप घालून दिला. त्याने फोनवरून सांगितले, ‘आजोबा, स्क्रीनसेव्हर बंद करा.’ केला. तरी पडदा विझतच राहिला.

मग मी आधी बॅटरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकून पाहिला. पडद्यामागचा दिवाच गेला असेल तर अशा उजेडात अक्षरे पुसटशी दिसतात. काही दिसले नाही. शिवाय बटण दाबल्यावर पडदा ठणठणीत. मग कुकरसाठी घेतलेले गजराचे घड्याळ शेजारी ठेवले आणि तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा बरोबर दहा मिनिटे. खिळखिळी वायर काही घड्याळ बघून सुटत नाही. म्हणजे कुणीतरी हुकूम देत होते.

लिनक्सवर पडदा विझवण्याचा अधिकार एकाकडे नसतो, ही खरी मेख. स्क्रीनसेव्हर एक, डेस्कटॉपचा पॉवर मॅनेजर दुसरा आणि या दोघांच्या खाली, चित्र काढणारा एक्स सर्व्हर तिसरा. वरच्या दोघांना गप्प केले तरी तिसऱ्याचे स्वतःचे घड्याळ चालूच असते, ६०० सेकंदांचे. जुन्या काचेच्या पडद्यांवर एकच चित्र फार वेळ राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटे, म्हणून मुळात ही सोय. पुढे वीज वाचवण्यासाठी १९९३ मध्ये मॉनिटरसाठी डीपीएमएस नावाचे मानक आले. (गंमत म्हणजे डेबियनही १९९३ चेच. इयान मरडॉकने मैत्रीण डेब्रा आणि स्वतः, अशी दोन नावे जोडून ते नाव केले.)

टर्मिनलमध्ये ‘एक्ससेट क्यू’ लिहिले की हे सगळे आकडे समोर येतात. तिथे ६०० दिसले आणि चोर सापडला. ‘एक्ससेट एस ऑफ’ आणि ‘एक्ससेट उणे डीपीएमएस’ (उणे म्हणजे वजाबाकीची आडवी रेघ) या दोन आज्ञांनी काम झाले. मात्र लॅपटॉप बंद करून लावला की त्या विसरल्या जातात. म्हणून एलएक्सडीईच्या ऑटोस्टार्ट फाईलमध्ये त्या लिहून ठेवल्या. ज्यांच्याकडे ग्नोम आहे त्यांना इतके करावे लागत नाही. सेटिंग्ज, पॉवर, आणि तिथे स्क्रीन ब्लँकपुढे ‘नेव्हर’ निवडायचे. आपणहून तिथे पाच मिनिटे असतात. वेलँडवर चालणाऱ्या डेस्कटॉपला एक्ससेट लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आता पडदा जळत राहणार, आणि बॅटरी खाण्यात पडद्याचा दिवा पुढेच असतो. त्यावर अक्काला एवढेच शिकवले की वाचून झाले की झाकण मिटायचे. झाकण मिटले की यंत्र झोपते. पोथी रुमालात बांधून ठेवायची सवय असलेल्या बाईला हे दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

इथून जवळच, सांगली जिल्ह्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचा पायंडा पडला, मुलांनी पुस्तक हातात घ्यावे म्हणून. ते मी अक्काला सांगितले. तिला पटले, पण म्हणाली, ‘पोरांचा पडदा मिटला की ती वाचतात. माझा मिटला तर मी काय वाचू?’

परवापासून तिला अक्षरे पांढऱ्याऐवजी पिवळी हवी आहेत. रविवारी नातू येतोय, तेव्हा बसू.