मांडो, देखणी आणि आपण

जांबोटीहून चोर्ला घाट उतरले की गोमंतक लागतो. घाटाच्या वर काय आणि खाली काय, आम्हां देवस्थानांच्या मंडळींना नृत्याचे भय सारखेच. मुलगी भरतनाट्यमची परीक्षा उत्तीर्ण झाली की आम्ही पेढे वाटतो. तीच स्नेहसंमेलनात मुलासमोर मांडो नाचणार म्हटले, की मुख्याध्यापकांकडे अर्ज जातो.

मांडो हे एकोणिसाव्या शतकात गोव्यातील ख्रिस्ती घराण्यांच्या दिवाणखान्यांत वाढलेले जोडीचे नृत्य. युरोपीय बॉलडान्समध्ये स्त्रीपुरुष हात धरून गिरक्या घेतात. येथे दोन रांगा समोरासमोर येतात, पंखा आणि रुमाल हलतात, स्पर्श होत नाही. पाहुण्या नाचाला कोंकणी माणसाने आपली मर्यादा शिकविली ती अशी. साथीचे घुमट तर आपल्या चतुर्थीच्या आरतीतलेच!

मग भय कसले? आपल्याकडे नाचणे हे कलावंतिणीचे काम ठरले होते. कुलीन स्त्रीने फुगडी घालावी, तीही बायकांत. कार्लुस एउजेनियु फेरैरा यांच्या प्रसिद्ध देखणीतील कलावंतीण दामूच्या लग्नात नाचण्यासाठी पैलतीरी निघाली आहे; नावाड्याला ती अंगावरचे दागिने देऊ करते. 1973 च्या 'बॉबी' चित्रपटाने ती चाल देशभर नेली. परंतु अशा स्त्रियांना नाचविणारे यजमान प्रतिष्ठित राहिले. बोल लागला तो नाचणारीला.

कोरियातही निराळे घडले नाही. 1954 साली सोलच्या एका दैनिकात क्रमशः आलेल्या कादंबरीत प्राध्यापकाची पत्नी बॉलडान्सकडे ओढली जाते, आणि तेवढ्यावरून केवढा गहजब झाला!

कायद्याने मात्र विवेक राखला. 1934 च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने, आणि बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होते, स्त्रीची संमती असो वा नसो, तिला देवाला वाहणे बेकायदा ठरविले. तिचा विवाह वैध मानला. कर्नाटकाने 1982 साली आपला कायदा केला. अपराध वाहण्याचा, नृत्याचा नव्हे. समाजाने वाहणाऱ्याला सोडले आणि नृत्याला शिक्षा दिली.

आज त्याच नृत्याला परीक्षा व प्रमाणपत्र लाभले, म्हणून आपण त्याला संस्कार म्हणतो. आमचे म्हणणे एवढेच की शाळांनी मांडो खुशाल शिकवावा, देखणीही शिकवावी. आणि देखणी शिकविताना ती नदी ओलांडणारी बाई कोण होती, हे मुलींना आणि विशेषतः मुलांना अवश्य सांगावे.